दारात एक क्रेट, विहाराच्या अंगणात एक शेवगा

परसबागेचा विषय निघाला की मला आधी रागच येतो. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. आपल्यापैकी किती घरांना मागची बाजू आहे? आमच्या घाटकोपरच्या वस्तीत एका घराची मागची भिंत तीच दुसऱ्या घराची मागची भिंत. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, दारात तीन फुटांची गल्ली आणि गल्लीच्या कडेने फरशीने झाकलेले गटार. अशा घरात राहणाऱ्याला ‘गच्चीवर वाफे करा’ म्हणून सांगणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणानंतर बडीशेप खा म्हणण्यासारखे आहे.

तरीही दारात भाजी लावा, हेच सांगायला मी हा लेख लिहिते आहे. फक्त ती कशासाठी लावायची आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, याबद्दल माझे मत जरा वेगळे आहे.

मी बरीच वर्षे वस्तीत घरोघर फिरून आरोग्यसेविकेचे काम केले. हिमोग्लोबिनचा कागद हातात घेऊन बसलेल्या बायकांना माझे एक पाठ वाक्य असायचे, “हिरव्या पालेभाज्या खात जा.” एकदा एका गरोदर सुनेने मला सरळ विचारले, “ताई, तुमच्या घरी काल कशाची भाजी होती?” आदल्या दिवशी आमच्याकडे बटाट्याचा रस्सा होता. त्याच्या आदल्या दिवशीही बटाटाच. मी काही बोलले नाही. ती बाई सकाळी साडेसहाला धुण्याभांड्याच्या कामाला बाहेर पडायची आणि संध्याकाळी सातला परतायची. तेव्हा गाडीवर मेथी उरलेली असे ती मरगळलेली, आणि पावसाळ्यात तिचाही भाव ऐकून हात मागे यायचा. जुडी आणली तर निवडायला अर्धा तास, आणि शिजल्यावर उरणार वाटीभर. पाच माणसांत ती कुणाला पुरणार? बटाटा किलोभर आणला की दोन दिवस निघतात. भाव वाढले की ताटातून सगळ्यांत आधी पालेभाजी जाते, आणि तीही आधी बाईच्या ताटातून, कारण ती शेवटी जेवते.

याचा हिशेब सरकारी आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होते. सगळ्या समाजांचे, सगळ्या उत्पन्नगटांचे मिळून हे आकडे आहेत. आपल्या गल्लीतले चित्र कसे असेल ते तुम्हीच ओळखा.

आता क्रेटचा खरा हिशेब मांडू. फळवाल्याकडे जुना प्लास्टिकचा क्रेट मिळतो, साधारण दोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद. त्यात मेथी दाट पेरली, ऊन-पाणी नीट मिळाले, तर महिन्याने एक जुडी निघते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहार मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम पालेभाजी सांगितली आहे, गरोदर बाईला १०० ग्रॅम. म्हणजे पाच जणांच्या घराला रोज पाव किलो. महिनाभर जपलेला क्रेट एका दिवसात संपला! ‘घरी भाजी लावा आणि बाजाराला रामराम ठोका’ असे जो सांगतो, त्याने स्वतःचा क्रेट कधी कापलेला नसावा.

मग लावायची कशाला? माझ्या अनुभवात दाराशी जे असते ते जेवणात पडते. जुडी आणायची तर पैसे, वेळ, निवडणे. दारात माठाची चार रोपे असली तर वरणाला फोडणी देताना हात आपोआप बाहेर जातो. चार पाने वरणात, दोन भाकरीच्या पिठात, पुदिना पाट्यावर. रोज मूठभर. वाटीभर भाजी आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा ही रोजची मूठ टिकते, असे मी पाहिले आहे. आणि ज्या पोराने स्वतः दाणा पेरला ते पोर ते पान खाते. पालक पाहून तोंड फिरवणाऱ्या माझ्या नातवाला पाहुण्यांना ‘माझी मेथी’ दाखवताना पाहिले, तेव्हा माझी खात्री पटली.

म्हणून निवड करताना माझा सल्ला असा, की मेथी फक्त पहिल्या खेपेला लावा. ती चार-पाच दिवसांत उगवते, पंचवीस-तीस दिवसांत कापणीला येते, नवख्या माणसाचा धीर सुटत नाही. पण ती कापली की संपते. पुढच्या वेळी परत परत खुडता येणारे लावा. लाल माठ, पालक, पुदिना, मयाळू. माठाचे शेंडे खुडले की बगलेतून नवे फुटवे येतात. पालकाची बाहेरची पाने घ्यायची, मधला कोंब ठेवायचा. पुदिन्याची जुडी बाजारातून आणली की पाने काढून चार जून काड्या मातीत खोचा, आठ-दहा दिवसांत धरतात. मयाळूची वीतभर काडी खोचली तरी वेल होतो, दोरी बांधली की भिंतीवर चढतो, त्याची भजी आणि वरणातली पाने दोन्ही छान लागतात. जुना कांदा कोंब फुटून फुकट जात असेल तर तो मातीत बसवा, पात मिळेल.

टोमॅटोच्या नादाला मात्र सुरुवातीला लागू नका. मी लागले होते. तयार कुंड्या, माती, बियांची पाकिटे असा संच चांगले पैसे मोजून आणला. रोपे उंच झाली, पिवळी पडली, फूल आले ते गळून गेले. चूक रोपाची नव्हती. आमच्या गल्लीत ऊन येते साडेनऊला आणि जाते साडेबाराला. टोमॅटो, वांगी, मिरची यांना सहा तास तरी ऊन लागते. पालेभाजी तीन-चार तासांत भागवते, आणि पुदिना, मयाळू त्याहून कमी उन्हातही तग धरतात. म्हणून पैसा खर्च करण्याआधी एका सुटीच्या दिवशी दर दोन तासांनी बाहेर डोकावून ऊन कुठे पडते ते पाहा आणि भिंतीवर खडूने खूण करा. वस्तीत पाण्याइतकेच ऊनही मोजून मिळते. ज्यांच्या दारात ऊन अजिबातच येत नाही, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये; त्यांच्यासाठी पुढे दुसरा मार्ग सांगितला आहे.

पत्र्यावर ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. पत्रा जुना असेल तर नको. ओल्या मातीने भरलेला क्रेट एका माणसाला सहज उचलत नाही, आणि वाऱ्यापावसात तो गल्लीतल्या पोराच्या डोक्यावर यायला नको. पत्रा भक्कम असला तरी एप्रिल-मेमध्ये तापून मुळे भाजतात, विदर्भ-मराठवाड्यात तर विचारूच नका. खाली विटा आणि वर जुन्या साडीची सावली हवी.

क्रेटला भोके मोठी असतात, म्हणून आत गोणपाट किंवा सुतळीचे जुने पोते अंथरा. तेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा कापून, खाली सहा-सात भोके पाडूनही चालतो. पालेभाजीला सहा इंच माती पुरते. रंगाच्या, केमिकलच्या बादल्या आणि पिंप कितीही फुकट मिळाले तरी घेऊ नका. मातीबद्दल तर मी हट्टीच आहे. गटाराच्या काठची, भंगारच्या दुकानासमोरची, गॅरेजजवळची, डेब्रिज टाकतात तिथली माती खायच्या झाडाला नको. जुन्या बॅटऱ्या आणि रंगांतले शिसे मातीत राहते, ते धुऊन जात नाही आणि लहान मुलांच्या मेंदूला बाधते. रोपवाटिकेतून एक पोते लाल माती आणि एक पिशवी गांडूळखत आणा. दोन भाग माती, एक भाग खत आणि मूठ-दोन मुठी वाळका पाला, एवढे पुरे. तीन-चार शेजारणींनी मिळून आणले तर खर्च वाटला जातो.

घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करा, असे सगळीकडे छापून येते. मोठ्या आवारात ते चांगलेच आहे. दहा बाय बाराच्या खोलीच्या दारात कुजणारा डबा ठेवला की आधी माश्या आणि मग उंदीर येतात. आपल्याकडे उंदीर आधीच कमी नाहीत. आपण फार तर चहाची पावडर धुऊन, दुधासाखरेचा अंश काढून, वाळवून घालावी. न धुता घातली की मुंग्यांची रांग लागते. पेरल्यावर उंदीर दाणे उकरतात, म्हणून उगवेपर्यंत वर जुनी जाळी टाका.

पाण्याचे दोन नियम आहेत. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी खुशाल घाला. एका क्रेटला थंडीत रोज लिटर-दीड लिटर लागते, ते यातूनच निघते, नळाचे वेगळे पाणी खर्चावे लागत नाही. साबणाचे नको आणि गटाराचे तर मुळीच नको. लोहमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक लोकलच्या खिडकीतून दिसतो, तो किती हिरवागार दिसतो! पण त्या हिरवेपणावर जाऊ नये. दुसरा नियम डेंग्यूचा. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते ठिकाण. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून, घासून, कोरडी करायची. त्यापेक्षा ताटली ठेवूच नये, दोन विटांवर क्रेट ठेवावा.

बी घरात आहेच. मेथीदाणे रात्रभर भिजवा, सकाळी मातीवर पसरा, वर बोटाच्या पेराएवढी माती. धने मात्र अख्खे पेरून मी दोनदा फसले. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलके रगडून तो दुभंगायचा, मग भिजवायचा. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, मध्येच उकरून बघायचे नाही. वाण्याकडचे धने जुने असले तर उगवतच नाहीत, म्हणून आधी दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहा, सहा-सात फुटले तर बाकीचे पेरा. मावा पडला तर बोटाने पुसून काढा, फारच झाला तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब मिसळून शिंपडा. झुरळाचे, ढेकणाचे औषध किंवा मुंग्यांचा खडू त्या झाडाजवळ नेऊ नका. आपण ते पान खाणार आहोत.

क्रेटमध्ये न पेरलेलेही काही उगवेल. त्यात जाड, मांसल पानांची, जमिनीलगत पसरणारी घोळ बऱ्याचदा असते, कधी तांदुळजाही असतो. आपल्या आज्या बांधावरून हीच भाजी ओच्यात घालून आणायच्या. पाथरी, कुर्डू, टाकळा, आंबट चुका, ही सगळी नावे त्यांना पाठ होती. शहरात आलो आणि ते गरिबीचे खाणे म्हणून आपण टाकून दिले. आता तीच घोळ चांगल्या वस्तीच्या बाजारात मोठ्या भावाने विकायला दिसते. घरात कुणी जाणती म्हातारी असेल तर तिला दाखवा आणि ती हो म्हणाली तरच खा. ओळख नसलेले पान तोंडात घालायचे नाही.

एवढे करून रक्त वाढेल का, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि उत्तर खरे द्यायला हवे. नुसत्या पाल्याने नाही. पालेभाजीतले लोह शरीराला सहज लागत नाही. जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला तर ते जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी लागते, म्हणून चहा तासभर पुढे ढकला. पाल्यातून फॉलिक ॲसिड मिळते, अ जीवनसत्त्वासाठी त्यात थोडे तेल पडायला हवे. पण गरोदर बाईच्या लाल गोळ्या, किशोरवयीन मुलामुलींची आठवड्याची निळी गोळी, लहान मुलांची गुलाबी गोळी यांना पालेभाजी हा पर्याय नाही. हिमोग्लोबिन गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि इतर बायकांचे १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. महापालिकेच्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. क्रेट लावला म्हणून गोळ्या बंद केलेली एक बाई मला भेटली होती, म्हणून हे ठळकपणे लिहिते.

आणखी एक. पाणी घालायचे काम कुणाचे? ज्या बाईला पहाटे नळावर उभे राहायचे आहे तिच्याच डोक्यावर हेही ओझे टाकणार असाल तर क्रेट आणू नका. आमच्या घरात ते काम मुलाचे आणि नातवाचे. दोन दिवस विसरले, रोपे माना टाकून पडली, तेव्हा मीही मुद्दाम पाणी घातले नाही. तिसऱ्या दिवसापासून ते विसरले नाहीत.

आता ज्यांच्या दारात ऊन नाही त्यांच्याबद्दल. घरात नसलेली जागा आपल्याकडे एका ठिकाणी बहुतेक असते, ती म्हणजे विहाराचे आवार. लहान का असेना, मोकळे आकाश तिथे असते. गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी आवाराला पेव्हर ब्लॉक बसवले गेले. चिखल होत नाही, कार्यक्रमाला खुर्च्या मांडता येतात, हे मान्य. पण एका कोपऱ्यातले तीन फूट बाय तीन फूट ब्लॉक काढले तर एक शेवगा बसतो, आणि एक शेवगा म्हणजे वीस-पंचवीस क्रेट. मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी पावसाच्या सुरुवातीला जमिनीत फूटभर खोल रोवली की ती धरते. खर्च जवळजवळ शून्य, आणि चार-सहा महिन्यांत पाला मिळू लागतो. आपण शेवग्याच्या शेंगा विकत आणतो आणि पाला मात्र विसरलो आहोत. कोवळा पाला कांदा-लसणाच्या फोडणीवर परता, मूगडाळीत घाला, भाकरीत मळा.

त्याची दुखणीही सांगते, म्हणजे नंतर मला दोष देऊ नका. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, झाड उंच वाढू दिले तर वाऱ्यात मोडून पडते. म्हणून छातीएवढ्या उंचीवर शेंडा छाटत राहायचे, त्याने ते झुडपासारखे पसरते आणि पाला हाताशी राहतो. विजेच्या तारांखाली लावायचे नाही. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, अंगाला लागले की भयंकर खाज सुटते. रॉकेलच्या बोळ्याने जाळण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडायचे आणि ते काम मोठ्या माणसाने हातपाय झाकून करायचे. ते दिवस पोरांना झाडापासून लांब ठेवायचे.

कार्यकारिणीत हरकती येतील. पाला कुणी किती न्यायचा, यावरून भांडण होईल म्हणतील. होईलही. आमच्याकडे या प्रश्नावर दोन रविवार वाद झाला. शेवटी ज्येष्ठ उपासिकांनी ठरवले, की रविवारी वंदनेनंतर पाला काढायचा, पहिला वाटा गरोदर आणि बाळंतीण बायांचा, मग घरी लहान मूल असलेल्यांचा, उरेल तो येईल त्याचा. त्यानंतर कुरबुरी झाल्या, पण झाड तिथेच आहे.

एका तरुण कार्यकर्त्याने मला वेगळाच प्रश्न विचारला आणि तो मला हरकतींपेक्षा मोलाचा वाटला. “आजी, आपल्या लोकांनी जमीन मागितली होती. दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. आणि तुम्ही आम्हाला क्रेट देता?” पोरगा बरोबर बोलला. क्रेटला जमीन म्हणू नये आणि कुणी तसे म्हणून आपली समजूत काढू लागला तर ऐकून घेऊ नये. रेशनवर डाळ मिळावी, अंगणवाडीत पोरांना नीट आहार मिळावा, वस्तीत दिवसातून पुरेसे पाणी यावे, या मागण्या क्रेटमुळे एका इंचानेही मागे सरकत नाहीत. मी त्याला एवढेच म्हणाले, “तू मोर्चाला जा, मीही येते. पण तुझ्या बायकोला सातवा महिना आहे, आणि तिला पाला आज हवा.” तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी फळवाल्याकडून दोन क्रेट घेऊन आला. एक माझ्यासाठी.

वर्षावास संपला, पाऊस उघडला. पालेभाजीला वर्षातले सगळ्यांत सोपे दिवस आता सुरू होतात, थंडी संपेपर्यंत ते चालतात. शेवग्याला जूनपर्यंत वेळ आहे. विहाराच्या पुढच्या बैठकीत ते नऊ चौरस फूट मागून ठेवा, जमल्यास इतिवृत्तात नोंद करून घ्या. क्रेट, पोते आणि माती या शनिवारी आणता येईल. आणि शनिवारी रात्री निजताना मूठभर मेथीदाणे वाटीत भिजत टाका. ते काम घरातल्या सगळ्यांत लहान पोराला द्या.